एकच लाइन, दोन यंत्रं: कमी उंचीवरच्या हवाई तपासणीत गाठ पडते कशी, टाळायची कशी

दक्षिणवारा

पावसाळा सरला की मुंबईला वीज आणणाऱ्या लाइनींवर तपासणीची घाई सुरू होते. खाडीकडून येणारं मीठ आणि कारखान्यांची धूळ इन्सुलेटरच्या तबकड्यांवर बसते. थर कोरडा असतो तोवर काही होत नाही. थंडीत पहाटे दव पडलं की तो ओला होतो, पृष्ठभागावरून गळती सुरू होते आणि लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. म्हणून थंडी वाढायच्या आत तापलेला भाग दाखवणारा थर्मल कॅमेरा, विजेची गळती टिपणारा कोरोना कॅमेरा, लेसरने अंतर मोजणारं लायडार असं सगळं घेऊन लोक लाइनीवर उतरतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली तेव्हा कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्ही लाइनी किती नाजूक जागी आहेत ते सगळ्यांनीच पाहिलं. तपासणी वाढली हे चांगलंच आहे. पण हवेत गर्दीही वाढली.

नेहमीच्या नियमांत एक फट ठेवलेली असते. वस्तीबाहेर दृश्य नियमांनी (बाहेर डोळ्यांनी बघत) उडणाऱ्या विमानाने जमिनीपासून किमान ५०० फूट वर राहायचं आणि ड्रोनने हिरव्या क्षेत्रात (सरकारी नकाशावर ड्रोनला मोकळ्या ठेवलेल्या भागात) ४०० फुटांच्या खाली. मधली १०० फुटांची पट्टी रिकामी. तपासणीचं हेलिकॉप्टर खास परवानगी घेऊन या पट्टीच्या खाली येतं आणि ती फट मिटते. शिवाय हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत ड्रोनला आगाऊ परवानगी लागत नाही. त्यामुळे त्या दिवशी तिथे ड्रोन आहे हे नियंत्रकालाही माहीत नसतं, वैमानिकाला कुठून कळणार?

चर्चेसाठी एक गृहीत उदाहरण मांडतो. ४०० केव्हीची डबल सर्किट (एकाच टॉवरवर तारांचे दोन संच असलेली) लाइन. हेलिकॉप्टर लाइनीपासून ३० मीटर बाजूला, वरच्या कंडक्टरच्या उंचीवर, ४० नॉट वेगाने टॉवरमागून टॉवर तपासत चाललंय. पुढे एका टॉवरवर दुसऱ्याच ठेकेदाराची ड्रोन टीम इन्सुलेटरचे जवळून फोटो काढतेय. आवाज ऐकून ते ड्रोन खाली घेतात. हेलिकॉप्टर पुढे निघून जातं. टीम पुन्हा ड्रोन वर पाठवते. तेवढ्यात हेलिकॉप्टरमधला थर्मल कॅमेरेवाला म्हणतो, "थांबा, मागच्या टॉवरवर आर फेजचा जंपर गरम दिसला, पुन्हा बघू." (जंपर म्हणजे टॉवरवर दोन्हीकडच्या तारा जोडणारा तुकडा, आर ही तीन फेजपैकी एक.) हेलिकॉप्टर वळून परत येतं.

मला सगळ्यात धोक्याची वाटते ती ही दुसरी फेरी. पहिल्या फेरीत दोघंही सावध असतात, दुसरीत एकाला वाटतं काम झालं आणि दुसऱ्याला ठाऊकच नसतं की खाली कुणी आहे. या उदाहरणात कोणी काय करायला हवं होतं, यावर जाणकारांनी लिहावं.

क्यूएनएच

चांगला विषय. आधी "डोळे उघडे ठेवा" या सल्ल्याची मर्यादा बघू, कारण ब्रीफिंगमध्ये तोच सर्वांत आधी दिला जातो.

दुसरं विमान दिसल्यापासून आपलं विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साधारण १२.५ सेकंद जातात, असं अमेरिकेच्या एफएएचं (नागरी उड्डाण प्रशासनाचं) मार्गदर्शन सांगतं. दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, टक्कर होऊ शकते हे उमगणं, कुठे वळायचं ते ठरवणं, हात हलवणं, आणि मग यंत्राने प्रतिसाद देणं. यातली जवळजवळ नऊ सेकंद "टक्कर होईल" हे उमगण्यात आणि निर्णयात जातात.

तुमच्या उदाहरणात ड्रोन एका जागी स्थिर आहे असं धरू. ४० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण २०.६ मीटर. १२.५ सेकंदांत २५७ मीटर. म्हणजे किमान तेवढ्या अंतरावरून ड्रोन दिसायला हवं. कर्णात ३५ सेंटिमीटरचं ड्रोन २५७ मीटरवर, हात लांब करून धरलेल्या मोहरीच्या दाण्याहून लहान दिसतं. मागे निळं आकाश असतं तर एखाद्याला दिसलंही असतं. इथे मागे टॉवरची जाळी, तारा आणि डोंगराची झाडी आहे.

शिवाय जी वस्तू टकरेच्या मार्गावर असते ती काचेवर जागची हलत नाही. डोळा हालचाल पटकन पकडतो, आणि इथे हालचालच नाही. पद्धतशीर बघायचं तर दहा-दहा अंशांचे तुकडे करून प्रत्येकावर किमान एक सेकंद नजर स्थिर ठेवावी लागते. समोरचे १८० अंश बघायला १८ सेकंद. हा आकडाच १२.५ पेक्षा मोठा आहे. त्यात वैमानिकाची निम्मी नजर तारांवर असते, आणि ती तिथेच असायला हवी.

टीकॅसवरही (विमानांची टक्कर टाळण्यासाठी इशारा देणाऱ्या यंत्रणेवर) विसंबू नका. लहान हेलिकॉप्टरवर बहुतेकदा ते नसतंच. मोठ्या विमानांवरच्या टीकॅसमध्येही जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली "वर जा, खाली जा" असे आदेश बंद असतात. आणि ट्रान्सपॉन्डर (आपली ओळख रेडिओवर कळवणारं यंत्र) नसलेलं ड्रोन त्याला दिसतच नाही.

प्रज्ञा_ठाणे

ड्रोनच्या बाजूने लिहिते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार माणसं असलेल्या विमानाला वाट देणं ही नेहमी ड्रोनवाल्याची जबाबदारी आहे, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कसं द्यायचं.

आवाज आला की नव्या मुलांचा हात पहिला जातो "रिटर्न टू होम" बटणावर. लाइनीवर काम करताना हे बटण सगळ्यात घातक आहे. आरटीएचची (याच रिटर्न टू होमची) उंची आपण टॉवरच्या टोकाच्या वर ठेवलेली असते, परतताना तारेला धडकू नये म्हणून. ५० मीटरचा टॉवर असेल तर ७०-८० मीटर. बटण दाबलं की ड्रोन आधी सरळ वर चढतं, मग घराकडे निघतं. म्हणजे सुरक्षित जागेवरून थेट हेलिकॉप्टरच्या उंचीत. सिग्नल तुटला तरी हेच होतं, कारण फेलसेफ (संपर्क तुटल्यावर ड्रोनने आपोआप काय करायचं ती मांडणी) बहुतेक वेळा आरटीएचवरच लावलेला असतो. हेलिकॉप्टर येऊ शकतं अशा दिवशी फेलसेफ "जागेवर थांब" किंवा "खाली उतर" यावर ठेवायचा. कुठला, ते टॉवरखाली काय आहे त्यावर ठरवा. शेत असेल तर उतरवा, रस्ता किंवा झोपड्या असतील तर थांबवा.

हाताने करायचं ते असं: आधी लाइनीपासून बाहेरच्या बाजूला १०-१५ मीटर, मग सरळ खाली. आधी खाली आणि मग बाजूला असं केलं तर खालच्या कंडक्टरच्या जवळून जावं लागतं. आणि हे सगळं वेळ घेतं. बरीच लहान ड्रोन सेकंदाला ३ मीटरच्या आसपास खाली येतात. ६० मीटरवरून उतरायला २० सेकंद लागतात. तेवढ्यात ते हेलिकॉप्टर ४०० मीटर पुढे आलेलं असतं. म्हणून "दिसल्यावर उतरवू" हे गणित बसत नाही, ऐकू आल्याबरोबर उतरवायला हवं.

मोरपंखी

आवाज किती लांबून येतो? ठाण्याच्या पुढे डोंगर आहेत तिथे अंदाज येतो का? आणि डीजेआय कंपनीच्या काही ड्रोनमध्ये जवळचं विमान दाखवणारी सोय असते, ती पुरेशी नाही का?

प्रज्ञा_ठाणे

@मोरपंखी, उघड्यावर चांगला येतो. डोंगराच्या कुशीत आवाज आधी प्रतिध्वनीतून येतो आणि दिशा फसवते. वारा हेलिकॉप्टरकडे वाहत असेल तर आणखी उशिरा कळतं. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि हेलिकॉप्टर पूर्वेकडून येत असलं तर नेमकं हेच होतं. म्हणून टीममध्ये तिसरा माणूस हवा, त्याच्या हातात रिमोट नाही, टॅब्लेट नाही, फक्त आकाश आणि कान. उडवणारा पडद्यावर बघत असतो, कॅमेरेवाला इन्सुलेटरच्या तड्यात गुंतलेला असतो. ठेक्यात दोनच माणसांचे पैसे धरलेले असतात, हे मला खटकतं आणि ते बदलायला हवं.

एअरसेन्सबद्दल, म्हणजे डीजेआयच्या त्या सोयीबद्दल: ती समोरच्या विमानाने एडीएस-बी संदेश (आपली जागा आपोआप कळवणारा रेडिओ संदेश) पाठवला तरच चालते. पाठवला नाही तर पडदा रिकामा, आणि रिकाम्या पडद्याने माणूस निर्धास्त होतो. शिवाय इशारा आल्यावरही ते २० सेकंद हवेतच.

मोजणीदार

उंचीबद्दल कुणी बोललं नाही अजून, आणि माझ्या मते खरी गडबड तिथे आहे. "तुम्ही ८० मीटरच्या वर राहा, आम्ही ५० च्या खाली राहतो" असं फोनवर ठरवणं फार मोहक वाटतं. करू नका. प्रत्येकाचा शून्य वेगळा आहे.

ड्रोनच्या पडद्यावरची उंची ही उड्डाणाच्या जागेपासूनची असते. टेकडीच्या उतारावरून उडवलं आणि टॉवर ४० मीटर खाली दरीत असला, तर पडद्यावर ५० असताना टॉवरच्या पायथ्यापासून ते ९० मीटरवर असतं. हेलिकॉप्टरचा बॅरोमेट्रिक (हवेच्या दाबावरून चालणारा) अल्टिमीटर क्यूएनएचवर, म्हणजे समुद्रसपाटीला जुळवलेल्या स्थानिक दाबावर, लावलेला असेल तर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. त्याचाच रेडिओ अल्टिमीटर थेट खालच्या जमिनीपासूनची, म्हणजे ओढा आला की आकडा एकदम वाढतो.

आणि लायडारवाल्यांचा चौथा शून्य. जीपीएस मूळ मोजतो ती डब्ल्यूजीएस-८४ लंबगोलापासूनची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची. मुंबईच्या परिसरात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या ६० मीटरपेक्षा जास्त खाली आहे. भारताच्या दक्षिणेला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा मोठा खड्डा आहे, त्याचा हा परिणाम. म्हणजे कुणी सर्वेक्षणाच्या आराखड्यात लंबगोलीय ५० मीटर लिहिलं तर ते समुद्रसपाटीपासून ११० मीटरच्याही वर गेलं. फूट धरले तर २०० फुटांहून जास्त फरक. एका टॉवरची अख्खी उंची यात मावते.

चौघंही खरं बोलत असतात आणि चौघांचे पन्नास वेगळे असतात. त्यामुळे उंचीने विभागणी नाही. जमिनीवरच्या खुणेने आणि वेळेने करायची.

जंपर_क्लॅम्प

मोजणीदार साहेबांशी पूर्ण सहमत. आणि जमिनीवरची खूण तयारच आहे: टॉवर क्रमांक. अक्षांश-रेखांश लाइनमनला पाठ नसतात, वैमानिकाला फोनवर लिहून घेताना चुकतात. टॉवर क्रमांक तिघांनाही कळतो: पाट्या, लाइन शेड्यूल (टॉवरांची यादी) आणि केएमएल (नकाशाची) फाइल, तिन्हीत तोच असतो.

पण त्यातही पाणी मुरतं, ते सांगतो. पहिलं, एकाच पट्ट्यात दोन-तीन लाइनी समांतर जातात आणि प्रत्येकीचा ५७ नंबरचा टॉवर असतो. म्हणून लाइनीचं पूर्ण नाव, व्होल्टेज, सर्किट आणि मग नंबर. दुसरं, मधे नवीन उपकेंद्रासाठी लाइन तोडून आत-बाहेर घेतली असेल तर जुने नंबर आणि नवे नंबर असे दोन संच फिरत असतात. जुन्या पाट्या काढलेल्या नसतात. ५७ए, ५७/१ असले नंबर तिथूनच येतात. त्यामुळे वापरणार ते शेड्यूल कुठल्या तारखेचं, हे दोन्ही टीमनी आधी जुळवायचं. तिसरं, नंबर कुठल्या टोकापासून सुरू होतात ते विचारायचं. "शेवटचे दहा टॉवर" असं बोलू नका.

किती अंतर सोडायचं? ४०० केव्हीवर स्पॅन (दोन टॉवरमधलं अंतर) साधारण ४०० मीटर धरतात. वर क्यूएनएच यांनी काढलेले २५७ मीटर म्हणजे एक स्पॅनसुद्धा नाही. मी किमान दहा टॉवर मोकळे ठेवायला सांगेन, ४ किलोमीटर. ४० नॉटवर हेलिकॉप्टरला ते कापायला सव्वातीन मिनिटं लागतात. तेवढ्यात ड्रोन निवांत उतरतं, बॅटरी काढली जाते, आणि फोनही होतो.

आणि दुसऱ्या फेरीबद्दल: हेलिकॉप्टरला ज्या टॉवरपासून ज्या टॉवरपर्यंतचा तुकडा दिलाय, परत फिरायचं ते त्याच तुकड्यात. तुकडा सोडून पुढे गेल्यावर मागचा जंपर आठवला तर तो टॉवर नंबर टिपून ठेवायचा आणि जमिनीवरच्या समन्वयकाला विचारून मगच परत. गरम जंपर तासाभराने पण गरमच असतो, फक्त लाइनीवरचा भार तोवर बदलला नाही ना ते कंट्रोल रूमला विचारून घ्या.

दक्षिणवारा

@जंपर_क्लॅम्प, हे टॉवरच्या तुकड्यांचं नेमकं आहे. आता बाजूचा प्रश्न. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळायचं, हा जगभरचा नियम. पण लाइन उजव्या हाताला असेल तर उजवीकडे तारा आहेत. वळणार कुठे?

क्यूएनएच

ब्रिटनमध्ये रस्ता, रेल्वे, किनारा अशा रेषेच्या बाजूने उडताना ती रेषा डावीकडे ठेवायची असा जुना संकेत आहे. दोन्हीकडून येणारे आपापल्या उजव्या बाजूला राहतात आणि मधे रेषा. लाइनीलाही तेच लागू करता येईल: लाइन डावीकडे, उजवीकडे मोकळं आकाश.

अडचण अशी की हेलिकॉप्टरमध्ये मुख्य वैमानिक बहुधा उजव्या सीटवर असतो. लाइन डावीकडे ठेवली तर तो तारा केबिनच्या आरपार बघणार आणि अंतराचा अंदाज चुकणार. तारेला धडकण्याचा धोका मला दुसऱ्या विमानाच्या धोक्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणून मी लाइन वैमानिकाच्या बाजूला ठेवण्याच्या मताचा आहे. मात्र सुटकेची दिशा आधी ठरलेली आणि मोठ्याने बोललेली हवी: "सुटका डावीकडे, वर नाही." दर काही टॉवरने पुन्हा बोलायची, कारण लाइन वळली की सूर्य, वारा आणि टेकडी सगळ्यांच्या जागा बदलतात.

दक्षिणवारा

इथे मी थोडा वेगळा विचार करतो. ड्रोनपुरतं तुमचं बरोबर. पण त्याच लाइनीवर दुसऱ्या टोकाकडून दुसरं हेलिकॉप्टर येण्याची शक्यता असेल तर दोघांचेही वैमानिक उजवीकडे आणि लाइन दोघांच्याही उजवीकडे, म्हणजे दोघंही एकमेकांच्या डाव्या हाताला. दोघांनी "सुटका डावीकडे" ठरवलेली असेल तर दोघांनाही लाइन सोडून वळताना एकमेकांच्या समोरून जावं लागणार नाही, कारण मधे लाइन आहे. हे ठीक. गोंधळ होतो तो एकाने लाइन डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे ठेवली की. मग दोघं लाइनीच्या एकाच बाजूला. तेव्हा कुठली बाजू हा वाद नंतर, आधी सगळ्यांची पद्धत सारखी असावी.

क्यूएनएच

तुमचं एक वाक्य दुरुस्त करतो: लाइन दोघांच्या उजवीकडे असेल तर समोरचा आपल्या उजव्या हाताला, लाइनीपलीकडे दिसतो, डाव्या नाही. पण निष्कर्ष बरोबर आहे, दोघं डावीकडे वळले तर एकमेकांपासून दूर जातात. सारखेपणाच्या मुद्द्याला माझी पूर्ण संमती. आणि त्यासाठी एका लाइनीवर एका दिवशी एकच हेलिकॉप्टर हा उपाय सर्वांत स्वस्त.

एक भर. सुटकेत तारांवरून उडी मारून पलीकडे जाणं नको. लाइन ओलांडायची ती टॉवरवरूनच, कारण टॉवर दिसतो. स्पॅनच्या मधे सर्वांत वरची अर्थवायर (आकाशातल्या विजेपासून बचावाची तार) बारीक असते आणि डोळ्याला दिसत नाही. ४० नॉटला घाईत ती हमखास चुकते.

वसईकर_नकाशे

मुंबई शहराच्या बाजूची परिस्थिती वेगळी आहे, तीही नोंदवतो. जुहू विमानतळ १९२८ पासूनचा, आज मुख्यतः हेलिकॉप्टरांचा, आणि सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीच्या पश्चिम टोकाच्या समोर. समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी-येणारी हेलिकॉप्टरं इथूनच. तपासणीचं हेलिकॉप्टर जुहूवरून उठलं तर ठाणे-कळव्याकडे जाताना संपूर्ण वेळ नियंत्रित आकाशात असतं, तिथे गाठ पडण्याची शक्यता कमी. नियंत्रण संपून लाइनीवर खाली उतरतं तिथे खरी सुरुवात. ब्रीफिंगची सगळी मेहनत मात्र पहिल्या टप्प्यावर खर्च झालेली असते: एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राचा), एडीसी नंबर (हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा), ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राभोवतीचं बंद आकाश.

ड्रोनवाल्यांसाठी: विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा ४०० नाही, २०० फूट आहे. नवी मुंबईचा विमानतळ आल्यावर पनवेल, उरण, खारघरच्या लाइनींखालचा नकाशा बदलला. जुना स्क्रीनशॉट वापरू नका, त्या दिवशी सकाळी नकाशा उघडून बघा. शिवाय शहराच्या हद्दीत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, ते नकाशात दिसत नाहीत.

नोटॅमची (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेची) वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत, असते. ०३३० म्हणजे आपले सकाळचे ९. ड्रोन टीम ते पहाटेचे साडेतीन समजते आणि ९ वाजता निर्धास्त उडवते. कागदावर भारतीय वेळ हाताने लिहून द्या.

थंडीत ठाणे खाडीवर रोहित पक्षी असतात आणि सकाळी धुरकं. लांबचं दिसत नसेल तर ४० नॉटवर काम करू नका, वेग कमी करा किंवा दहा वाजेपर्यंत थांबा.

दक्षिणवारा

बाहेरची दोन उदाहरणं इथे उपयोगी आहेत. २३ जून १९९३ रोजी इंग्लंडमध्ये केंडलजवळ पाइपलाइनची तपासणी करणारं जेटरेंजर हेलिकॉप्टर आणि हवाई दलाचं टोर्नेडो लढाऊ विमान कमी उंचीवर धडकले. हेलिकॉप्टरमधले दोघं गेले, टोर्नेडो उतरलं. ४०० नॉटने येणारं विमान १२.५ सेकंदांत अडीच किलोमीटर कापतं. तिथे डोळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये अशा हवाई कामांची आगाऊ सूचना लष्करी उड्डाणांना पोचवण्याची पद्धत आहे, पाइपलाइनसाठी वेगळी सुद्धा.

दुसरं २१ सप्टेंबर २०१७ चं, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ. सुमारे ३०० फुटांवर लष्करी ब्लॅक हॉक आणि फँटम ४ ड्रोन. हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरच्या पात्याला खोक पडली, ते सुखरूप उतरलं. ड्रोन उडवणारा काही किलोमीटर दूर, नजरेच्या पलीकडे उडवत होता आणि टक्कर झाल्याचं त्याला कळलंही नव्हतं. हेलिकॉप्टरमध्ये अडकलेल्या तुकड्यावरून त्याचा माग लागला. ब्लॅक हॉक दणकट आहे. हलक्या तपासणी हेलिकॉप्टरचा शेपटीचा रोटर ड्रोनला सापडला तर काय होईल, ते सांगायला नको.

मोजणीदार

घटना घडलीच तर पुराव्याबद्दल लिहितो. वैमानिकाने फ्रीक्वेन्सीवर "एअरप्रॉक्स" हा शब्द वापरूनच कळवायचं. अंतर, परस्परस्थिती आणि वेग असे होते की सुरक्षितता धोक्यात आली असावी, असं वैमानिकाला किंवा नियंत्रकाला वाटलं की तो एअरप्रॉक्स. मीटर मोजून ठरत नाही, मत पुरतं.

मग नोंदी. हेलिकॉप्टरवर लायडार असेल तर त्याच्या जीएनएसएस-आयएमयू (उपग्रह आणि हालचाल-संवेदकांनी नोंदलेल्या) मार्गासारखा पुरावा नाही, सेकंदाला शेकडो नोंदी. ड्रोनची फ्लाइट लॉग, गिंबल कॅमेऱ्याचा मूळ व्हिडिओ. ड्रोन पुन्हा उडवायचं नाही, कार्ड काढून ठेवायचं.

नोंदी जुळवताना एक सापळा आहे. लायडारची वेळ बहुधा जीपीएस वेळेत असते आणि ती २०१७ पासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. ड्रोनची लॉग यूटीसीत किंवा फोनच्या घड्याळावर. हे १८ सेकंद वजा केले नाहीत तर ४० नॉटचं हेलिकॉप्टर ३७० मीटर सरकलेलं दिसतं, जवळजवळ एक स्पॅन. जवळून गेलेलं लांब दिसेल किंवा उलट, आणि अहवालात निष्पाप माणूस खोटा ठरेल.

जाता जाता, चंद्रपूर-पडघा एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी) लाइनीवर ड्रोन उडवणाऱ्यांसाठी. १५०० मेगावॅट, अधिक-उणे ५०० केव्ही, म्हणजे पूर्ण भारावर पोलागणिक (धन आणि ऋण अशा प्रत्येक वाहिनीत) १५०० अँपिअर, एकाच दिशेने. १० मीटरवर एका पोलाचं चुंबकीय क्षेत्र ३० मायक्रोटेस्ला होतं, पृथ्वीचं इकडे ४० च्या आसपास. कंपास भरकटतो. एसी लाइनीत दिशा सेकंदाला पन्नासदा उलटसुलट होते म्हणून एवढं जाणवत नाही. हेलिकॉप्टर जवळ असताना भरकटणारं ड्रोन नको, म्हणून इथे अंतर जास्त ठेवा.

प्रज्ञा_ठाणे

सगळ्यांचं धरून आदल्या संध्याकाळी पाठवायच्या संदेशाचा नमुना केलाय. नावं, नंबर आपापले घाला:

"उद्या, तारीख अमुक. लाइनीचं पूर्ण नाव, ४०० केव्ही, सर्किट १. शेड्यूलची तारीख अमुक. हेलिकॉप्टर टॉवर ४० ते ७५, नंबर चढत्या क्रमाने, ०९:०० ते ११:३० भारतीय वेळ. परत फिरणं ४० ते ७५ मध्येच. ड्रोन टीम टॉवर ८६ च्या पुढे, ११:३० पर्यंत ८६ च्या अलीकडे येणार नाही. ड्रोनचा फेलसेफ: जागेवर थांब. जमिनीवरचा समन्वयक अमुक, फोन अमुक. हेलिकॉप्टर काम संपल्याचा फोन करेपर्यंत ४० ते ८५ ड्रोनसाठी बंद."

जंपर_क्लॅम्प

उत्तम. दोन बदल सुचवतो. "काम संपल्याचा फोन" याऐवजी "हेलिकॉप्टर उतरल्याचा फोन, समन्वयकाने स्वतः वैमानिकाशी बोलून" असं लिहा. इंधन भरायला गेलेलं हेलिकॉप्टर परत येतं. आणि समन्वयकाच्या दोन फोनची नावं लिहा, कारण पडघ्याच्या पुढे दरीत एका कंपनीची रेंज असते तिथे दुसरीची नसते. फोन लागला नाही तर ड्रोन जमिनीवर, हे संदेशातच शेवटी टाका.